फोटो बघून कट्टा बांधू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुमच्या पेपरात आमच्या घरातल्या तापणाऱ्या कट्ट्याचा फोटो आला, खाली दोन ओळी, 'बिनधुराचा, बिनखर्चाचा घरगुती हीटर'. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, आमच्या हिनं कात्रण कापून देवाच्या फळीवर ठेवलंय. पण त्यानंतर जे सुरू झालंय ते बघून हे पत्र लिहायला बसलोय, जरा लांबलंय, कापायचं असलं तर माझी बढाई कापा पण मापं कापू नका.

त्याचं काय झालंय, तो फोटो जुना हाय. नातवानं मोबाईलमधला जो पहिला सापडला तो पाठवून दिला, तो पहिल्या वर्षीचा निघाला. त्यात नीट बघितलं तर धुराडं कौलातून जेमतेम हातभर वर आलंय आणि आढ्याच्या पार खाली संपलंय, आणि कट्ट्याच्या टोकाला पाइप वळून परत मागं आलेला पण दिसतोय. आता कणकुंबीकडनं, नागरगाळीकडनं, पार चंदगडाहून माणसं येतायत, सगळ्यांच्या मोबाईलात तो फोटो. एकानं तर येऊन बघायच्या आधीच बांधून काढलंय, धुराडं सुद्धा फोटोत हाय तेवढंच, इंचभर कमी नाही जास्त नाही. पेटवल्यावर अख्खं घर बाहेर ओट्यावर घोंगडं घेऊन बसलं म्हणे. त्याला काय बोलायचं, चूक माझीच, त्यानं फक्त कॉपी केली.

मी १९९४ पासून पंचवीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओततात त्या कारखान्यात, फर्नेसवर काढली, आधी क्युपोला म्हणजे कोळशाची उभी भट्टी, नंतर इंडक्शन म्हणजे विजेची. रिटायर झाल्यावर जांबोटीकडच्या गावी परत आलो. आमच्याकडं थंडी म्हटलं तर दोन महिने, डिसेंबर-जानेवारी, पण खरा त्रास पावसाळ्यातला. कणकुंबीच्या बाजूचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, चार महिने भिंतीला ओल, कपडे वाळत नाहीत, पापडाच्या डब्यात बुरा, हिचे गुडघे दुखतात. गॅस हाय पण गॅसवर घर तापवणार काय? आणि जंगलातलं लाकूड आता आणता येत नाही, भीमगड अभयारण्य २०११ ला झालं त्यानंतर तर विचारूच नका, म्हणून शेतातल्या काजूच्या आणि अकेशियाच्या मनगटाएवढ्या फांद्या, त्यावर काय होतंय तेवढंच.

नातवानं हे रॉकेट प्रकरण दाखवलं. रॉकेट म्हणजे उडणारं नव्हे, पेटल्यावर आत घुर्रर्र असा आवाज येतोय त्यावरनं नाव पडलंय. अमेरिकेत ओरेगनला अप्रोवेचो म्हणून संस्था हाय, तिथं लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात रॉकेट स्टोव्हची तत्त्वं बसवली, ती स्वयंपाकाची चूल. तिला मातीचा जड कट्टा जोडून घर तापवायची युक्ती इयांतो इव्हान्स यांनी पुढं काढली. आता ही कल्पना एकट्या अमेरिकेची असं म्हणायचं कारण नाही, कोरियात जमिनीखालनं धूर फिरवून घर तापवतात त्याला ओंडोल म्हणतात, ते फार जुनं. आणि आपल्याकडं चिक्कोडी-अथणीच्या बाजूला गुऱ्हाळाचं चुलवाण बघा की, एका तोंडातनं जळण घालायचं, जाळ काहिलीखालनं ओढला जातोय आणि लांब उंच धुराड्यातनं बाहेर. तेच हे. फरक येवढाच की काहिलीच्या जागी इथं आपण बसायचं. बेंगळूरच्या आयआयएससी ह्या विज्ञान संस्थेतल्या, खेड्यांसाठी काम करणाऱ्या अस्त्र गटानं पण १९८० च्या दशकातच तीन भांड्यांची अस्त्र ओले काढली होती, ओले म्हणजे कन्नडात चूल, आमच्या पाव्हण्यांकडं एक होती, पुढं कुणी धुराडं साफ केलं नाही आणि पाडून टाकली. धुराडं साफ न करणं हा आपला जुना रोग हाय, त्यावर मागनं बोलतो.

रचना अशी. उभं तोंड, त्यात फांद्या उभ्या घालायच्या. जाळ वर न येता खाली जातोय, आडव्या बोगद्यातनं पुढं, आणि मग उभ्या नळीतनं जोरात वर. ह्या उभ्या नळीत खरं जळण होतंय. धूर म्हणजे न जळालेलं लाकूडच असतंय, त्याला सहाशे अंशाच्या वर ताप आणि सोबत हवा मिळाली की तो पण पेटतोय. नळीवर दोनशे लिटरचं बॅरल पालथं घातलेलं, गरम हवा वर आपटून बॅरलच्या बाजूनं खाली उतरते, बॅरल लगेच खोली तापवतंय, आणि उरलेली हवा मातीच्या कट्ट्यातल्या पाइपमधनं फिरून धुराड्यातनं जाते. कट्टा सावकाश तापतोय आणि रात्रभर सावकाश सोडतोय. हिशोब सांगतो, वाळलेलं एक किलो लाकूड म्हणजे साधारण चार युनिट विजेएवढी उष्णता. माझा कट्टा बारा फूट लांब, पावणेदोन टनाच्या आसपास माती-दगड, तो पंचवीस अंशानं तापला तर दहा युनिट आत साठली. संध्याकाळी चार किलो फांद्या, की सकाळी आमचं मांजर कट्ट्यावरनं उठत नाही.

'बिनखर्चाचा' हे चूक, मला साडेअकरा हजार लागले, त्यातले निम्मे तर चुका दुरुस्त करण्यात. 'बिनधुराचा' हे पण अर्धंच खरं. पेटवताना पाच-दहा मिनिटं धूर असतोय, नीट तापल्यावर धुराड्यातनं दिसतंय ते बहुतेक वाफ. पण हे सगळं नीट बांधलेल्या कट्ट्याबद्दल. माझा पहिला कसा होता ते ऐका.

पहिला जाळ दिवाळीनंतर घातला. दहा मिनिटांत स्वयंपाकघर दिसेना. ही डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "ओ, पंचवीस वर्षं भट्टीवर काढलासा आणि घरात चूल पेटवता येईना होय?" गल्लीतली चार माणसं ऐकत होती. मी म्हटलं लाकूड ओलं हाय. लाकूड ओलं नव्हतं, दोन वर्षं माळ्यावर होतं. मग म्हटलं वारं उलटं हाय. मग म्हटलं कट्ट्याची माती ओली हाय, आणि हे मात्र खरं होतं. पावणेदोन टन माती भिजवून थापली की आत शेकडो लिटर पाणी असतंय, ते जाईपर्यंत सगळा ताप पाणी उकळण्यातच जातोय, पाइप थंडगार, ओढ लागतच नाही, म्हणजे धूर धुराड्याकडं खेचलाच जात नाही. बांधून झालं की महिनाभर नुसता छोटा छोटा जाळ घालायचा, बॅरलजवळ दारं-खिडक्या उघड्या ठेवून. घाई केली तर तडे पण जातात. मी महिनाभर थांबलो. धूर तरी येतच होता.

मग एकेक उघडत गेलो. बॅरल काढलं तर नळीच्या तोंडावर फट एक इंच ठेवलेली. फाउंड्रीत असताना एवढा साधा हिशोब मी पोरांना शिकवायचो आणि घरी विसरलो. सहा इंची नळीचं तोंड म्हणजे अठ्ठावीस चौरस इंच. तिचा घेर एकोणीस इंच. वर एक इंच फट म्हणजे हवा बाहेर पडायला एकोणीसच चौरस इंच जागा, नरडं आवळल्यासारखं. दीड इंच ठेवली तर बरोबर अठ्ठावीस होतात, म्हणून किमान दीड, मी आता दोन ठेवलीय. एकदा कुठं जागा आवळली की मागं सगळं तुंबतंय, पुढं कितीबी मोठा पाइप घाला. हाच आवळा बॅरलच्या बुडाशी पण असतोय, जिथं बॅरलमधनं हवा कट्ट्याच्या पाइपात शिरते. बाहेरनं बघितलं तर ऐसपैस दिसतंय, पण हवा तिथं बाजूनं वळून शिरते आणि राख पण तिथंच साठते. तिथं पाइपच्या दुप्पट जागा सोडा आणि हात आत जाईल असं झाकण ठेवा. माझ्याकडं झाकणच नव्हतं, कट्टा फोडावा लागला. आता तीन झाकणं हायत, एक बॅरलच्या बुडाशी, एक वळणावर, एक धुराड्याच्या बुडात.

दुसरं, तोंड अठरा इंच उंच आणि आतली नळी तीस इंच. का, तर बॅरलची उंची तेवढीच होती आणि मला दुसरं बॅरल जोडायचा कंटाळा. त्यामुळं झालं काय, जाळाला कळेना कुठनं जायचं, तो तोंडातनंच वर यायला लागला, फांद्या वरपर्यंत पेटत यायच्या. तोंडाला एक धरलं तर बोगदा दोन आणि नळी चार, निदान तीन तरी पाहिजेच. आता माझं बारा इंच, चोवीस इंच आणि अठ्ठेचाळीस इंच हाय. जाळ चालू असताना तोंडाच्या कडेवर हात ठेवता येतोय, यावरनं ओळखायचं की ओढ बरोबर हाय.

नळी कशाची, हा प्रश्न सगळे विचारतात. भंगारात जाड लोखंडी पाइप फुकट मिळाला म्हणून मी तोच घातला. आता मला माहीत नसायला काय झालं, लाल तापलेल्या लोखंडाला हवा लागली की पापुद्रे सुटतात हे रोज बघितलेला माणूस मी, पण फुकट म्हटलं की अक्कल गहाण पडते. एका सीझनमध्ये चाळण. मग फाउंड्रीच्या जुन्या लायनिंगच्या, म्हणजे भट्टीच्या आतल्या अस्तराच्या, फायर ब्रिक आणल्या, ताप सोसणाऱ्या विटा, उद्यमबागेच्या बाजूला भंगारवाल्यांकडं मिळतात, नऊ बाय साडेचार बाय तीन इंचाच्या. आपल्या खानापूरची माती कौलाला, विटेला एक नंबर, पण साधी वीट ह्या बोगद्यात टिकत नाही, टवके उडतात. सिमेंटचं तर नावच काढू नका आतल्या बाजूला. आणि नदीतले गोटे पण नको, आत ओल असली तर फुटून उडतात.

पण फायर ब्रिक जड असते, ती स्वतःच तासभर ताप पीत बसते आणि तोवर धूर जळत नाही. इथं माझं भट्टीचं डोकं उलटं चाललं. भट्टीत आपण म्हणतो लायनिंग जाड पाहिजे, इथं नळीच्या बाहेरनं हलकं, पोकळ, ताप बाहेर न जाऊ देणारं काहीतरी पाहिजे. परदेशात पर्लाइट म्हणून फुगवलेला हलका खडा असतोय तो घालतात. मी चिरमुऱ्याच्या भट्टीवरनं तुसाची राख आणली, चार पोती, चहापाण्यावर मिळाली. मातीच्या पातळ पाण्यात नुसती ओलसर करून नळी आणि बाहेरचा पत्रा ह्याच्यामध्ये दोन इंच दाबून भरली. भाताच्या तुसाची राख ताप धरून ठेवायला फार चांगली, फाउंड्रीत पण लॅडलमधल्या, म्हणजे ओतायच्या भांड्यातल्या, वितळलेल्या लोखंडावर टाकतात ती त्यासाठीच. ही भरल्यावर घुर्रर्र आवाज पहिल्यांदा ऐकू आला. नातू नाचायला लागला. धूर कमी झाला, पण गेला नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. मी कट्ट्यात पाइप बारा फूट नेऊन परत बारा फूट मागं आणला होता. विचार असा की जेवढा ताप हाय तेवढा सगळा कट्ट्यात उतरला पाहिजे, धुराड्यातनं फुकट कशाला सोडायचा? धुराड्याच्या बुडाशी थर्मामीटरची गन लावली तर पस्तीस अंश. मला केवढा अभिमान! येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो, बघा, हात लावा पाइपाला, कोमट. आणि त्याच पाइपातनं काळं पाणी ठिबकत होतं, त्याचा वास अजून माझ्या एका शर्टाला हाय.

क्युपोल्याला ब्लोअर, म्हणजे हवा मारायचा पंखा, असतोय. हवा ढकलायला मोटर असली की धूर थंड हाय का गरम याची फिकीर नसते. माझ्या डोक्यात पंचवीस वर्षं तो ब्लोअरच फिरत होता. ह्या कट्ट्याला मोटर नाही, उभ्या नळीचा जोर थोडा, बाकी हवा ओढायचं काम धुराड्यातली गरम हवा करते, ती बाहेरच्या हवेपेक्षा हलकी असते म्हणून वर जाते आणि मागनं दुसरी ओढते. तिच्यातला सगळा ताप मी कट्ट्यासाठी काढून घेतला तर ती वर जाणार कशाला? ती तिथंच बसते, आणि घरात परत येते. शिवाय वाफ थंड पाइपात पाणी होऊन बसते ते वेगळं. म्हणजे मी कंजूषपणा केला आणि तो डोळ्यांत आला, दोन्ही अर्थानं.

सहा इंची पाइपाला वीस-पंचवीस फुटाच्या वर कट्ट्यात नेऊ नये, आणि प्रत्येक काटकोनातलं वळण म्हणजे पाच फूट पाइप धरायचा, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा हाय. माझे चोवीस फूट, वर तीन वळणं, म्हणजे एकोणचाळीस झाले. परतीचा पाइप काढून टाकला. आता पाइप बारा फूट सरळ जातोय, टोकाला एक वळण आणि तिथनंच धुराडं घराच्या आतल्या बाजूनं वर. आतनं नेलं म्हणजे ते गरम राहतंय, बाहेरच्या भिंतीवरनं नेलं की गारठतंय. आणि आढ्याच्या वर दोन फूट काढलं. पहिलं आढ्याच्या खाली होतं, त्यामुळं चोर्ल्याच्या बाजूनं घाटातलं वारं आलं की कौलावरनं घसरत यायचं आणि धुराड्यात घुसायचं. आता बुडाशी ऐंशी अंश असतो. तेवढे ऐंशी सोडायचे, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही, तो त्या हवेचा पगार हाय.

त्या दिवसापासून धूर बंद. ही काही बोलली नाही, नुसती उशी आणून कट्ट्यावर आडवी झाली.

आता पेटवायचं. पावसाळ्यात चार-पाच दिवस बंद ठेवला की कट्टा थंड असतोय, मग आधी धुराड्याच्या बुडाचं झाकण उघडून तिथं पेपरचे दोन बोळे जाळायचे (तुमचाच पेपर चालतोय, राग मानू नका), धुराडं गरम झालं, ओढ लागली, की झाकण लावून मग तोंडात काड्या. आणि कुठं फटीतनं धूर येतोय ते कळत नसलं तर जाळ चालू असताना अगरबत्ती सांध्याजवळनं हळूहळू फिरवा. धूर सांध्याकडं ओढला जात असला किंवा तिथनं उलटा झुकत असला तर तिथं फट हाय. माती आणि बारीक वाळूचा लेप लावा. राख दर पंधरा दिवसांनी तोंडातनं काढायची, पाइप वर्षातनं दोनदा, एकदा गणपतीच्या आधी आणि एकदा होळीनंतर, मी असं धरलंय म्हणजे विसरत नाही.

बॅरल आणताना बघून आणा. औषधाचं, केमिकलचं नको, तेलाचं चालेल, पण तो रंग बाहेर अंगणात मोठा जाळ घालून पूर्ण जाळून टाका मगच घरात घ्या. गॅल्व्हनाइज्ड पत्रा बॅरलच्या जागी, लाल होणाऱ्या ठिकाणी वापरू नका, जस्ताचा धूर वाईट. धुराड्याला जुने सिमेंटचे पाइप स्वस्त मिळतात म्हणून बरेच लोक घेतात, त्यातल्या जुन्यात अॅस्बेस्टॉस असतंय, कापताना-फोडताना छातीत जातंय, त्यापेक्षा पत्रेवाल्याकडनं पाइप करून घ्या. कौलातनं पाइप काढताना वासा आणि रीप यांच्यापासून चांगला वीतभर तरी लांब ठेवा, मध्ये दुसरा मोठा पत्र्याचा कंठ, आणि वर छत्रीसारखी झालर. मी पहिल्या वर्षी झालर केली नाही तर जूनमध्ये पाइपावरनं पाणी उतरून थेट हिच्या लोणच्याच्या बरणीवर. तो विषय घरात अजून बंद झालेला नाही.

आणि एक, ह्यात मला चेष्टा करायची नाही. थंडीत शेगडी पेटवून खोली बंद करून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत अशी बातमी दरवर्षी तुमच्याच पेपरात असते. तो कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नाही, रंग नाही. काही लोक मला विचारतात की रात्री ऊब राहावी म्हणून धुराड्यात झडप घालू का. निखारा आत असताना अजिबात नाही. माझ्या धुराड्याला झडपच नाही. झोपायच्या आधी जाळ पूर्ण संपू द्यायचा, ऊब कट्ट्यात असते, जाळात नाही. खोलीची एक खिडकी बोटभर उघडी, आणि ह्या कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतोय तो भिंतीला लावा. धूर घरात येत असेल तर 'होईल कमी सवयीनं' म्हणून त्या खोलीत झोपू नका, विझवा आणि उघडून बघा. ज्यांनी माझा जुना फोटो बघून बांधलंय त्यांनी तर पहिलं धुराडं वाढवा आणि परतीचा पाइप काढा, ते होईपर्यंत पेटवू नका.

सोबत नवीन फोटो पाठवतोय, ह्यावेळी मी स्वतः बघून निवडलाय, आणि मागच्या बाजूला मापं लिहिलीयत. जमलं तर जुन्याएवढ्याच आकारात छापा. 'बिनखर्चाचा' लिहू नका. बघायला यायचं असलं तर कुणीबी यावं, चहा पिऊन जावं, फक्त सकाळी दहाच्या आत या, नंतर मी काजूत असतो आणि तिथं रेंज नाही.

आपला नेहमीचा वाचक,
एक रिटायर फर्नेसवाला
जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव